पद्मजाच्या नावावर एक पाहुणा

"ताटाजवळ पैसे ठेवू नयेत गं," मी म्हटलं, आणि आमटीची वाटी सारखी करायच्या निमित्तानं ते पाकीट बाजूला सरकवलं.

पद्मजानं ते उचलून पुन्हा होतं तिथं ठेवलं. "मग कुठं ठेवू? हातात घेत नाहीस, देवापुढं ठेवू देत नाहीस. एकशेवीस आहेत. दादा देतो तेवढेच."

"जेव आधी. दिवस मावळायला आलाय."

"तू घे आधी."

शेजारच्या पाटावर श्रेणिक जेवत होता. पद्मजापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तेव्हा वीस वर्षांचा होता तो. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "घे की आई. मलाही सोबत होईल. एकट्यानं तक्रारी करून कंटाळा आला." मग बहिणीकडं वळून, "पण मेंबर होणं सोपं नसतं बरं. काल भाकरी जाड होती, हे सांगायला धाडस लागतं."

"तुझी कातडी जाड आहे, भाकरीचं काय सांगतोस," ती म्हणाली. पण हसली नाही.

कोपऱ्यातल्या कॉटवरून ह्यांचा आवाज आला. "पद्मा, लेकीचे पैसे या घरात शिजायचे नाहीत. पोस्टात टाक. तुझ्याच लग्नाला होतील."

"आण्णा, मी पोस्टात जेवत नाही," ती म्हणाली. पण पाकीट उचललं तिनं, आणि ताटातलं सगळं संपवलं. आमच्या घरी अन्न टाकत नाहीत.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची, इचलकरंजीतली. गल्लीत दोन्ही बाजूंना माग चालायचे. त्यांची खडखड दिवसभर इतकी, की आमच्याकडं माणसं मोठ्यानंच बोलत. मीच काय ती हळू बोलायची. ऐकायचं असेल तर माणूस जवळ येतो, असा माझा अनुभव.

आमची खाणावळ होती. चौदा मेंबर. बँकेतले दोघं, एक मास्तर, बाकी कापडाचा डिप्लोमा शिकणारी मुलं. आम्ही जैन. त्यामुळं कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि संध्याकाळची पंगत सव्वापाचला बसून दिवस मावळायच्या आत उठायची. ज्यांना उशीर होई त्यांचे डबे भरून ठेवायचे. ह्यांच्या हाताला मागावर अपघात झाला होता, तेव्हापासून बाजारहाट आणि वही त्यांच्याकडं आणि चूल माझ्याकडं. वहीत प्रत्येक मेंबरचं एक पान. तो जेवायला आला नाही की त्या दिवसाला फुली. त्याला खाडा म्हणायचं. जितके खाडे तितके पैसे महिन्याच्या शेवटी परत. मेंबरनं कुणी सोबत आणला, तर त्याच्या पानावर 'पाहुणा एक' असं लिहायचं. पाहुण्याचं सकाळीच सांगायचं, हा नियम.

श्रेणिक सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात तिथं, कामाला लागला तेव्हा ह्यांनी पहिल्या पगारालाच त्याला समोर बसवलं. "बाहेरचा मेंबर दोनशेचाळीस देतो. तू निम्मे दे. कमावत्या माणसानं ताटाचे पैसे द्यावेत. घर म्हणजे धर्मशाळा नव्हे."

मला ते टोचलं होतं. स्वतःच्या मुलाकडून जेवणाचे पैसे! पण दोन महिन्यांत त्या पोराची चालच बदलली. पंगतीत मेंबरांच्या ओळीत बसायला लागला. आमटी पातळ झाली तर बोलायला लागला. एकदा मित्राकडं जेवून आला आणि ह्यांच्यापुढं जाऊन उभा. "आण्णा, काल माझा खाडा." ह्यांनी चष्म्यावरून बघितलं, वही उघडली आणि फुली मारली. मला वाटलं होतं ओरडतील. उलट रात्री मला म्हणाले, "माणसात आलं बघ कार्टं."

पद्मजा बारावी झाली आणि एका कारखान्यात कापड तपासायच्या खात्यात लागली. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, त्यातला तुटका धागा हिनं हेरायचा. नजर तेज होती तिची. साडेपाचशे पगार. तिचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हे मी आईच्या मांडीवर शिकलेले. तिच्या कमाईचं अन्न कसं खाणार?

हे एक कारण. दुसरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी एका साध्वी माताजींचा चातुर्मास आमच्या गावात होता. त्यांच्यापुढं हात जोडून मी एक नेम घेतला होता. रोज, आपण जेवायच्या आधी, एका तरी माणसाला समोर बसवून, आपल्या हातानं, पैसा न घेता वाढायचं. तोवर आपण घास घ्यायचा नाही. त्यात मी एकभुक्त. दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवायचं, आणि दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. तेव्हा वेळ चुकली म्हणजे त्या दिवसाचं जेवण गेलंच.

तुम्ही म्हणाल, खाणावळवालीला काय अवघड? दिवसभर वाढतच असते. तेच तर अवघड होतं. चौदा जणांना मी वाढायची आणि चौदाही जण पैसे द्यायचे. विकलेलं वाढणं ते दान कसलं? ह्यांना वाढावं, तर घरधनी तेच, त्यांचंच घर. सुरुवातीला शेजारी गंगूआज्जी होत्या, एकट्या, बिनदाताच्या. त्या रोज पाचला यायच्या, मऊ भात खायच्या, माझा नेम पुरा व्हायचा. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या संध्याकाळी मी दारात उभी राहिले, कुणी दिसेना, आणि आत पद्मजा शाळेतून येऊन भूक भूक करत होती. मनात आलं, मुलगी ही परक्या घरची. आज आहे, उद्या जाणार. पाहुणीच की. मी तिला आधी वाढलं, नंतर मी जेवले.

तेव्हापासून तेच. रोज पंगतीच्या आधी पद्मजाचं ताट. कामाला लागल्यावरही पाचला सुट्टी झाली की ती धावत यायची आणि मी तिला श्रेणिकच्या आधी वाढायची. श्रेणिक चिडवायचा, "लाडकी लेक." ती मान उडवून म्हणायची, "आहेच मुळी."

तर त्या पाकिटाच्या गोष्टीनंतर दोन-तीन दिवसांनी बेळगावचं एक स्थळ सांगून आलं. किराणा दुकान, दोन भाऊ, घर बरं. जेवणं आटोपल्यावर ह्यांनी श्रेणिकला जवळ बोलावलं. "तुझं काय मत? रविवारी या म्हणून कळवू का?"

श्रेणिक विचार केल्यासारखं करून म्हणाला, "दुकान नाक्यावर आहे का गल्लीत, ते विचारा. नाक्यावर असेल तर बोलवा."

पद्मजा भांडी विसळत होती. हातातलं तसंच ठेवून बाहेर आली. "मला नाही विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तुझ्यासाठीच चाललंय," हे म्हणाले.

"दादाला विचारलंत."

श्रेणिकनं गंमत केली. त्याच्या मनात काही नव्हतं, मी आई आहे, मला माहीत आहे. तो म्हणाला, "तू मेंबर कुठं आहेस? मतदान मेंबरांचं असतं."

माग बंद व्हावेत तशी ती एकदम गप्प झाली. माझ्याकडं बघितलं. मी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी पदरानं हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा नेला नाही. म्हटलं राहिला असेल. संध्याकाळी पाच वाजले, सव्वापाच झाले. पंगत बसली. मार्गशीर्षातले दिवस, सहालाच अंधारून यायचं. मी चार वेळा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. मावळतीला लाल झालं, विझलं, आणि मग ती आली. चप्पल काढली, पाय धुतले.

"कुठं होतीस गं?"

"जेवून आले." जणू रोजचंच. "सौंदत्तीकर मावशींकडं. मेंबर झाले तिथली. दोनशेवीस महिना. त्या माझे घेतात."

सौंदत्तीकर मावशींची खाणावळ आमच्या मागच्या गल्लीत. खाणावळवालीची लेक दुसऱ्या खाणावळीत पैसे देऊन जेवते! ह्यांनी कपाळावर हात मारला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." श्रेणिकनं तिला समजवायला हात पुढं केला तर ती म्हणाली, "मतदान झालं का तुमचं?" आणि आत जाऊन झोपली.

मी त्या दिवशी जेवले नाही. ह्यांनी विचारलं, तर उपवास आहे म्हटलं. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, पाहुणा शोधायचा. पंगतीत चिक्कोडीचा सन्मती पहिला आला. गरिबाघरचा, लाजरा मुलगा. त्याला म्हटलं, "बाळ, आजचं तुझं जेवण माझ्याकडून. तुझे पैसे धरायचे नाहीत."

तो घास हातात धरून थांबला. "का हो काकू?"

"सहज."

त्यानं वाटी नाकाजवळ नेली. "आमटी आंबलीय का?"

"नाही रे!"

"मग फुकट का?" हे त्यानं एवढ्या मोठ्यानं विचारलं की ओळीतल्या चौघांनी आपापल्या वाट्या हुंगल्या. बँकेतले ढवळे तर ह्यांना म्हणाले, "भूपालराव, तक्रार नाही, पण माझाही खाडाच धरा आज." हे वही आपटून आत आले. "तुला झालंय काय? त्या पोराचे महिन्याचे आगाऊ घेतलेत, आज फुकट कसं होईल?" खरंच होतं. ते दान धरता येत नव्हतं. मी सन्मतीची समजूत घातली, आमटी स्वतः चाखू शकत नव्हते म्हणून ह्यांना चाखायला लावली. पंगत जेवली. सूर्य गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कासारमामा बांगड्यांची पेटी घेऊन गल्लीत आले. जुने, ओळखीचे. मी हाक मारली. "मामा, आज इथंच जेवा. पाहुणे म्हणून." पाट मांडला, भात-आमटी, मेथीची भाजी, ताक. ते पोटभर जेवले. मला इतकं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांपुढं माझं ताट दिसायला लागलं. हात धुऊन ते उठले आणि पेटी उघडून हिरव्या बांगड्यांचा डझन पाटावर ठेवला.

"अहो मामा, हे कशाला?"

"पोरीला घाला. फुकट जेवून जाऊ का ताई? ते काय पचतंय व्हय!"

मी किती विनवलं. त्यांनी एक ऐकलं नाही, पेटी खांद्याला लावून गेले. मी त्या बांगड्यांकडं बघत राहिले. चांगल्या वीस-बावीस रुपयांच्या होत्या. जेवणाच्या कितीतरी पट.

चारच्या सुमारास सौंदत्तीकर मावशी आल्या. भांडायला आल्या असं वाटलं, पण त्या उंबऱ्यावरच टेकल्या. "राजमतीबाई, पोरगी तुमची आमच्यात जेवती, मला काय चैन पडत नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, पाहुणी म्हणून जेव, घरचीच हाईस. तर पैसे ठेवले आणि मगच पाटावर बसली. आणि खाती काय, तर भाकरी आणि ताक. आमच्या सगळ्यात कांदा-लसूण. ती काय बोलत नाही, मी पण काय करू? एवढ्या माणसांत एकटीचं वेगळं कसं शिजवू?"

 मी त्यांना पाणी द्यावं म्हणून उठले, आणि तांब्या उचलताना डोळ्यांपुढं काळं झालं. मावशींनी धरलं म्हणून पडले नाही.

"जेवला नाही काय?"

"उपवास आहे. तीन दिवस."

"कुठला हो? आत्ता तर तुमचा सण नाही." शेजारात राहून त्यांना आमचं पंचांग पाठ होतं.  मग त्या पदर खोचून तडक निघाल्या. कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या, हे मला मागाहून कळलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी पद्मजा घरात आली. धापा टाकत. पंगत बसायची होती, खोलीत ह्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

"का जेवत नाहीस?"

"उपवास आहे."

"कसला उपवास?"

मला खोटं बोलता येत नाही. फक्त गप्प बसता येतं. त्या दिवशी तेही जमलं नाही. "कुणाला तरी पैसा न घेता वाढल्याशिवाय जेवायचं नाही, असा नेम आहे माझा."

"मग? घरात पातेली भरून आहेत. दादाला वाढ."

"तो पैसे देतो."

ती बोलायला गेली आणि थांबली. उजेडाच्या टेबलावर तुटका धागा दिसल्यावर थांबत असेल तशी. "म्हणजे रोज मला आधी वाढतेस, ते..."

मी मान खाली घातली.

"गंगूआज्जी गेल्या तेव्हापासून," ती हळू म्हणाली. आता तिचा आवाज माझ्यासारखा झाला होता. "तेव्हापासूनच मला आधी वाढतेस. त्यांच्या जागी. मला वाटायचं, लाडकी म्हणून."

"पद्मा, अगं पाहुणी म्हणजे कमी नव्हे. पाहुण्यात देव असतो."

"पाहुणा म्हणजे उद्या जाणारा, आई. मला अजून कुणी न्यायला आलेलं नाही, आणि तू रोज निरोपाचं ताट वाढतेस." तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "दादा घरचा आणि मेंबरही. मी दोन्हीतली नाही. मला विचारायचं तरी कुणी आणि कशाला?"

मांडणीवरच्या पितळी डब्यांवर खिडकीतलं ऊन होतं. ते खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढलं होतं. ते छताला लागलं की दिवस संपला. रोज बघून बघून मला ते घड्याळासारखं झालं होतं. पद्मजानंही तिकडं बघितलं. मग डोळे पुसून तिनं पर्समधून पाकीट काढलं.

"हे घे. एकशेवीस. मावशींनी तीन दिवसांचे कापून बाकीचे परत दिलेत."

माझ्या मनात आईचे शब्द होते, माताजींपुढं जोडलेले हात होते, आणि समोर अठरा वर्षांची माझी पोर पाकीट पुढं करून उभी होती.  मी दोन्ही हातांनी ते घेतलं. कपाळाला लावलं. का लावलं ते मला तेव्हा कळलं नाही.

"अहो," मी हाक मारली. "हिचं नाव वहीत लिहा."

"लेकीचं?" हे कॉटवर उठून बसले.

"मेंबरचं."

माझा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नाही. पण ह्यांनी अधू हातानं वही गुडघ्यावर धरून नवं पान काढलं.

"आण्णा," पद्मजा म्हणाली, "मेंबरला पाहुणा आणता येतो ना?"

"येतो. पण सकाळी सांगावं लागतं."

"माझा पाहुणा सकाळपासून घरातच आहे."

ह्यांना क्षणभर कळलं नाही. मलाही नाही. तिनं माझा दंड धरला, बाहेरच्या खोलीत नेलं, खिडकीजवळचा पहिला पाट मांडला आणि म्हणाली, "बस."

"अगं, माझा नेम..."

"एका माणसाला पैसा न घेता वाढायचं, एवढाच ना? आज तो मी करते. तू बस. ऊन वरच्या फळीला गेलंय."

अकरा वर्षं मी त्या खोलीत वाढत होते. एकदाही तिथं बसले नव्हते. माझं ताट नेहमी चुलीपाशी, सगळ्यांच्या नंतर. मी पाटावर बसले आणि मला दिसलं, की तिथून स्वयंपाकघरातली बाई फक्त पाठमोरी दिसते. पातेल्यावर वाकलेली पाठ, मानेवरचा घाम, एक कोपर. तोंड दिसतच नाही. पद्मजा आमटी ढवळत होती आणि मला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि मला वाटलं, ही माझी मुलगी कितीतरी वर्षं इथून माझ्याकडं असं बघत असेल.

तिनं वाढलं. पानात मीठ आधी, मग भाजी, मग भाकरी. मी शिकवलं होतं तसंच. मी णमोकार मंत्र म्हटला आणि पहिला घास घेतला. लेकीच्या पैशाचा. पाप लागलं असेल तर लागलं असेल. घास गोड होता.

तीन दिवसांच्या रिकाम्या पोटात चार घास गेले आणि मला उमगलं, की ह्या घरात पोटभर फुकट जेवायला कुणीच तयार नव्हतं. सन्मती नाही, कासारमामा नाही, माझी पोर नाही. मी एकटीच पुण्य म्हणून देत सुटले होते, आणि घ्यायची वेळ आली की हात पदराखाली.

पद्मजा आमटीची पळी घेऊन पुन्हा आली.

"पद्मा," मी म्हटलं, "बेळगावचं स्थळ आलंय. किराणा दुकान आहे. तुझं काय म्हणणं?"

पळी वाटीवर तशीच थांबली. बाहेर सन्मती आणि दोघंतिघं आले होते, चपला काढून दारातच उभे राहिले. काकू पाटावर आणि पद्मजा वाढतेय, हे त्यांना नवीन होतं.

"आधी भात घे," ती म्हणाली. भात वाढला, वर तूप सोडलं. मग माझ्यापुढं उकिडवी बसली. "दोन वर्षं नको, आई. काम चांगलं जमायला लागलंय. पुढच्या वर्षी मला दुसऱ्या टेबलाची मुख्य करणार म्हणतात."

ह्यांनी खाकरलं. "रविवारी येतो म्हणालेत ते."

"पत्र टाका," मी म्हटलं. "दोन वर्षं नको, असं मुलीचं मत आहे म्हणून लिहा."

हे वहीवर वाकले. "मुलीचं मत," असं पुटपुटले. मग, "बरं." आणि पेन उघडून पद्मजाच्या नव्या पानावर पहिलीच ओळ लिहिली. पाहुणा एक.

मी हात धुतला तेव्हा वरच्या फळीवर ऊन होतं. दोन बोटं असेल.

श्रेणिक जेवायला आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तो पद्मजापुढं जाऊन डोकं खाजवत उभा राहिला. "मेंबरबाई, भाकरी जाड असली तर सांगत जा. मी एकटा पडतो."

"तू तोंड बंद ठेवून खात जा, म्हणजे पातळ लागेल," ती म्हणाली. आणि हसली.

नेमाचं पुढं काय, असं कुणी विचारेल. प्रायश्चित्त म्हणून मी आठ दिवस तूप सोडलं. आणि पद्मजानंच तोड काढली. तिच्या कामाच्या वाटेवर सरकारी दवाखाना होता. तिथं खेड्यापाड्यांतून आलेली, पेशंटजवळ ताटकळणारी माणसं असायची. रोज सकाळी आम्ही दोघी डबा घेऊन जायचो. मी तिथंच एकाला बसवून वाढायची आणि ती पुढं कामाला जायची. ज्याला वाढायचं तो मला ओळखत नसे, मी त्याला ओळखत नसे. खरा पाहुणा तो. त्यातलेही कुणी कुणी जाताना डबा घासून द्यायचे. मी देत होते तशी घ्यायलाही लागले होते, म्हणून घासू द्यायची.

आता हे नाहीत. खाणावळ केव्हाच बंद झाली. श्रेणिक इचलकरंजीतच आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या गुडघ्यांना जिने होत नाहीत. मी पद्मजाकडं सांगलीत राहते. तिचं लग्न झालं ते तिच्या वेळेला, तिला विचारून. देवळात बायका भेटतात. जुन्या वळणाची कुणी विचारतेच, "अगं बाई, लेकीकडं? तिच्या घरचं खातेस?"

मी म्हणते, "हो. मेंबर आहे मी तिथली."

त्यांना ते कळत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पोस्टातल्या व्याजाचे पैसे पाकिटात घालून पद्मजाच्या हातात देते. पहिल्यांदा दिले तेव्हा जावई संकोचले, "आई, हे काय, असू दे." पद्मजानं त्यांना थांबवलं. "घेऊ दे मला. आईला आमटीबद्दल बोलायचं असतं." तिनं दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि कपाळाला लावलं.

गेल्या महिन्यात पणतवाच्या बारशाला गेले होते श्रेणिककडं. त्यानं खुर्चीत बसवून दोघांकडून उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं, चार दिवस ठेवून घेतलं. परत आले. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, पद्मजानं माझं ताट वाढलं. ताटापासून जरा लांब, जमिनीवर, तिनं काही नोटा ठेवल्या.

"हे काय गं?"

"तुझे चार खाडे," ती म्हणाली. "मोजून घे."

मी मोजून घेतले.